शेवट खाली उतरवा

रावपुऱ्यात, होमिओपॅथीच्या दवाखान्याच्या डोक्यावर,
साडेसहाची बॅच.
पंखा तीनवर ठेवला तर बोर्डाचे कागद उडतात,
दोनवर ठेवला तर माणसं पेंगतात.
मी निळ्या मार्करने बाण काढते.
सांगताना आवाज खाली.
हो-नाहीचा प्रश्न असेल तर वर.
कोण, कुठे, का, तिथे मात्र पुन्हा खाली,
आणि असं का, ते मलाही कुणी सांगितलेलं नाही.

यादी म्हणताना एकेक वस्तू चढत जाते,
शेवटची उतरते. ऐकणाऱ्याला कळतं, संपलं.
"मॅडम, खंडेराव मार्केटमधली मासी तर
उतरतच नाही," फाल्गुनी म्हणते.
खरंच. वालोळ, पापडी, रताळू, सुरण, लीली हळद,
प्रत्येकीवर आवाज वरच,
म्हणजे पोत्याखाली अजून काहीतरी आहे,
तू एवढ्यात जाऊ नकोस.

मग जोर.
आपल्याकडे च आहे.
मीच. दारच. लावलंच.
चिमूटभर अक्षर, हव्या त्या शब्दाला चिकटवलं की झालं,
गळ्याला तोशीस नाही.
गुजरातीत हेच काम ज करतो.
इंग्रजीला बिचारीला असलं काही मिळालं नाही,
तिला सगळं आवाजानेच भागवावं लागतं.
लिहा: आय लॉक्ड द डोअर.
चार शब्द. जोर हलवा, गोष्ट हलते.

मी अकरा वर्षांची असताना
पुण्याच्या मावशीने विचारलं होतं,
"अगं, तू सांगत्येस की विचारत्येस?"
आमच्या बडोद्याच्या मराठीला शेवटी एक उचल असते,
शेजारणीच्या ने-ने मधून आलेली,
आईच्या बोलण्यात होती, भाजीच्या फोडणीइतकी सहज.
त्या सबंध मे महिन्यात मी वाक्यं खाली उतरवली,
भरलेलं सिलिंडर जिन्यावरून उतरवावं तशी,
एकेक पायरी, दणका न देता.
आता त्याचेच पैसे घेते.

दक्षाबेन वाळंद, वय बावन्न,
मांजलपूरला पार्लर, लेस्टरला मुलगी.
माय नेम इज दक्षा?
आय हॅव वन डॉटर?
सगळं विचारूनच. जणू समोरचा नाही म्हणाला
तर नाव बदलून आणतील.
परीक्षेत याचे गुण जातात, हे मी त्यांना तीनदा सांगितलंय,
त्यांनी तीनदा विचारलंय, "बराबर?"

आज त्यांची पाळी आली.
आधी दारावर जोर दिला. ठीक.
मग लॉक्डवर. हेही ठीक.
मग आय.
आयनंतर जरा थांबल्या.
पंखा दोनवर होता, तरी कुणी पेंगत नव्हतं.
लॉक्ड द डोअर,
आणि डोअर असा खाली गेला, असा खाली,
शटर जमिनीला टेकतं ना, शेवटचा वीतभर
पायाने दाबावा लागतो, तसा.

मी शाबास म्हणायला हवं होतं.
बोर्डावर बाण काढायला वळले
आणि मार्करचं टोपणच उघडेना.

बॅच सुटल्यावर जिन्यात फाल्गुनीने सांगितलं,
काल पार्लर विकलं त्यांनी.
आरसे, खुर्च्या, तेवीस वर्षांचं गिऱ्हाईक, सगळं.
दक्षाबेन खाली रस्त्यावर
सेव उसळच्या गाडीपाशी उभ्या होत्या,
तिखट कमी घाल म्हणत होत्या, पुन्हा विचारल्यासारखं.

रात्री मावशीचा फोन.
ऐंशी झाली, अजून तिचे सगळे शेवट जमिनीवर.
"दिवाळीला येत्येस." प्रश्न असा नव्हताच.
यंदा मी ठरवलं होतं.
नाही, म्हटलं मी,
स्पष्ट, एकच शब्द,
आणि ऐकलं, माझ्याच कानांनी,
ही जरासा वर गेला.
"काय म्हणालीस?" ती म्हणाली.